रजाकचा पाचवा चेंडू

या पुस्तकाची मागची-पुढची प्रकरणं लिहून झाली तरी हे एक राहिलंच होतं. नेसरीतलं बालपण लिहिलं, नोकरीतली वर्षं लिहिली, संघाबरोबरचे प्रवास लिहिले, निवृत्तीच्या दिवशीचे शाल-श्रीफळसुद्धा लिहून झाले. या मधल्या भागाशी आलो की मला काहीतरी काम आठवायचं. चष्मा पुसायचा असायचा, गॅसची टाकी आली का बघायचं असायचं, नाहीतर सरळ डोळे दुखतात म्हणून आडवं व्हायचं. शेवटी बायको म्हणाली, "एवढं टाळताय म्हणजे तेच लिहायला पाहिजे." तिला ही गोष्ट अर्धी माहीत आहे. बाकीच्यांना चुकीची माहीत आहे आणि ती चुकीची मीच राहू दिली.

कोल्हापुरात हँडबॉल खेळलेली जुनी माणसं कुठं एकत्र आली की कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारतं आणि पोरांना सांगतं, "ह्यो मारुती. ह्यानं निवड चाचणीत रजाकच्या पाचातल्या चार पेनल्ट्या अडवल्यात्या. रजाकच्या! डावखुरा, चेंडू डोळ्यांना दिसायचा न्हाय त्याचा." हल्ली काही जण पाचच्या पाच म्हणतात. पोरं टाळ्या वाजवतात. मी हसतो. ते हसू आता फार जुनं झालंय, चढवायलासुद्धा कष्ट पडतात.

कॉलेजसाठी मी कोल्हापुरात आलो तेव्हा पहिले काही महिने एका खोलीत तिघे राहत होतो. त्या खोलीच्या मालकानं आम्हाला काढलं आणि माझी वळकटी सायकलच्या कॅरिअरवर आली. वर्गातला रजाक म्हणाला, "चल घरला. कापसात झोपायची तयारी असंल तर जागा हाय." तो विनोद नव्हता. रजाकचे वडील, म्हणजे चाचा, पिंजारी. पुढच्या खोलीत गाद्या-उशा भरण्याचं काम चाले आणि मागच्या दोन खोल्यांत घर. छताला टांगलेली कापूस पिंजायची मोठी धनुकली, तिच्या ताणलेल्या तातीवर चाचा लाकडी ठोकळ्यानं ठोके मारत आणि तात कापसात बुडून वर येई तेव्हा एक आवाज होई, जाड, थरथरणारा, छातीत उतरणारा. सकाळी मला त्या आवाजानं जाग यायची. तो थांबला की चाचांचा खोकला सुरू व्हायचा आणि खोकला थांबला की पुन्हा तात. त्या घरात या दोन आवाजांशिवायची वेळ मला आठवत नाही.

कापूस सगळीकडे असे. चाचांच्या भुवयांवर, पाण्याच्या घागरीवरच्या फडक्यावर, आमटीच्या वाटीत. चाची भाकरी थापताना तोंडानं फुंकर मारून परातीवरचा कापूस उडवत. मला त्यांनी कधी "किती दिवस राहणार" असं विचारलं नाही. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "पोरा, आमच्यात बसून खाशील न्हवं? का घरची रागवतील?" मी खाईन म्हणालो. मग हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, खर्डा, आठवड्यातून एकदा मटणाचं अळणी, असं सगळं मी त्या घरात रजाकच्या ताटाशेजारी बसून खाल्लं. वाढताना त्या आम्हा दोघांची ताटं बघत आणि कमी असेल त्यात आधी टाकत. कमी बहुतेक माझ्यात असे, कारण मी भराभरा खायचो.

हँडबॉल तेव्हा आमच्या गावात नवा होता. फुटबॉलच्या गावात हातानं चेंडू टाकणारे म्हणून आमची फार थट्टा व्हायची. "पायात दम न्हाय म्हणून हातावर आलेत," असं पेठेतली माणसं तोंडावर म्हणत. शाळेमागचं मुरमाचं मैदान, लोखंडी पाइपचे गोल, वैरणीच्या गाडीला लावतात तसली जाळी. चेंडू हाताला चिकटावा म्हणून परदेशातले खेळाडू राळ लावतात असं आम्हाला खेळ शिकवणारे सर सांगत. आम्हाला राळ कुठली मिळायची? आमची पोरं गुऱ्हाळावरून आणलेली काकवी बोटांना लावत. चेंडू चिकटायचा खरा, पण मुरूमही चिकटायचा आणि माश्या सरावभर आमच्याबरोबर पळायच्या.

मी गोलकीपर झालो तो उंचीमुळे नव्हे. बाकी कुठं मी चालत नव्हतो म्हणून. हँडबॉलच्या गोलकीपरला चेंडू झेलायचा नसतो, त्याच्या वाटेत स्वतःला टाकायचं असतं. हात, पाय, मांडी, छाती, वेळ आली तर तोंड. माणूस सात मीटरवर उभा राहून अंगावर चेंडू मारणार आणि तुम्ही डोळे मिटायचे नाहीत. सगळा खेळ त्या डोळे न मिटण्यात आहे. माझे मिटायचे. रजाकनं ते मोडून काढलं. संध्याकाळी दुकानात तो मला गाद्यांच्या चळतीपुढं उभा करी आणि उशा तोंडावर फेकी. मी पापणी हलवली की म्हणायचा, "मिटलास! बायकोला बी असाच भिणार काय रं मारत्या?" चाचा आतून ओरडायचे, "उशा गिऱ्हाइकाच्या हायत्या रं! फाटली तर तुमचं कातडं शिवून दीन!" चाची मात्र आमच्याच बाजूच्या. माझ्या छातीवरचे काळेनिळे डाग बघून त्यांनी मला जाड कापूस भरलेली बिनबाह्यांची बंडी शिवून दिली. गादीला घालतात तसे तिला उभे-आडवे टाके होते. पुढं नोकरीत मला कंपनीचं सामान मिळालं, पण तशी बंडी पुन्हा अंगाला लागली नाही.

चाचांना कुस्तीचं वेड. मैदान असलं की दुकान बंद. परत आले की जेवताना पूर्ण कुस्ती सांगायचे, भाकरीच्या तुकड्यानं डाव दाखवत. एकदा ते फार चिडून आले. दोन नावाजलेल्या मल्लांनी नुरा खेळली होती. नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती, कोण पडणार हे दोघांना माहीत. पण चाचा चिडले होते ते वेगळ्याच कारणानं. बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं म्हणे, आणि एकानं समोरचा सैल उभा आहे असं बघून त्याला खाली घातलं. मी विचारलं, "चाचा, नुराच ती. ठरवणंच लबाडी, मग मोडली तर काय बिघडलं?" चाचांनी घास खाली ठेवला. "आरं, नुरा खेळणारा लोकांस्नी फसवतोय. पर त्यो दुसरा त्याच्या भरवशावर अंग सोडून उभा हुता की. असल्या हाताला तांबडी माती बी चिकटू नये." रजाक हसून म्हणाला, "अब्बा, मटण गार व्हायलंय." मीही हसलो.

मग ती चाचणी आली. एका मोठ्या खात्याचा हँडबॉल संघ उभा राहत होता. निवडलं तर नोकरी, गणवेश, वर्षभर सराव आणि देशभर सामने. खेळून पोट भरता येतं ही गोष्टच आमच्या कानांना खोटी वाटत होती. माझ्या थोरल्या भावानं मला निरोप धाडला होता, की हे झालं तर बरं, नाहीतर परीक्षा संपली की गावाकडं यायचं, तंबाखूच्या लावणीला माणूस पाहिजे. रजाकनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. मला मात्र एकदा मैदानाच्या नळावर काकवी धुताना म्हणाला, "मला ह्या कापसातनं भाईर पडायचंय, मारत्या. अब्बाचा खोकला ऐकतोयास न्हवं? आज्जाचा बी असाच हुता. मी सकाळी थुकतो तवा बगतो आधी, कापूस हाय का."

रजाकची निवड होणार हे सगळे धरूनच होते. डावखुरा, उजव्या कडेवरून हवेत उडी घेतली की खाली यायचंच विसरायचा. प्रश्न माझा होता. गोलकीपर एकच घेणार होते आणि जयसिंगपूरचा एक उंच पोरगा येणार असल्याची बातमी होती. पेनल्टीसाठी एकत्र सराव करणाऱ्यांनाच समोरासमोर उभं करणार हे सरांना कळलं होतं. आदल्या दिवशी त्याच नळावर रजाक म्हणाला, "हे बग. पाच पेनल्ट्या हाईत. पयल्या दोन मी तुज्या अंगावर देतो. जोरात देतो, कुणाला कळायचं न्हाय. तू अडव. बाकीच्या तीन माज्या."

"आणि तुझं?"

"माझं काय? पळणं हाय, उडी हाय, कडंच्या फेकी हाईत. पाचात तीन लई झाले की. पर त्या तिन्हीला तू मधी यायचं न्हाईस."

"मी कसा येतोय? तुझा चेंडू मला दिसतोय काय?"

"दिसाय लागलाय आता तुला. मीच शिकवलाय." तो हसला. मग त्यानं मुरमावर बोटानं गोल काढला आणि कोपरे दाखवले. तिसरा माझ्या डाव्या खांद्यावरून, चौथा उजव्या पायाशी, पाचवा उजवीकडं वरच्या कोपऱ्यात. मी प्रत्येक वेळी उलट्या अंगाला झेप घ्यायची, म्हणजे प्रयत्न केल्यासारखं दिसेल. मी मान हलवली. त्यानं हात पुढं केला. ओला, चिकट हात होता. मी धरला.

हे ठरवणं बरोबर नव्हतं हे मला कळतं. पण त्या ठरावात फायदा माझा होता आणि देणारा तो होता, एवढं तरी वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

चाचणीच्या सकाळी चाचींनी दोघांसाठी गूळभात केला. दोघांच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. चाचांनी तात थांबवली आणि दारापर्यंत आले, जे ते कधी करत नसत. आम्ही डबलसीट गेलो, रजाक पॅडल मारत आणि मी मागं दोघांची पिशवी धरून.

जयसिंगपूरचा पोरगा माझ्याआधी उभा राहिला आणि त्यानं दोन अडवल्या. खरोखरच्या. मग मी. पहिला चेंडू छातीवर आला, बंडीवर धप्प वाजला. दुसरा डाव्या मांडीवर. लोक ओरडले, कारण रजाकनं कसर ठेवली नव्हती, मांडी कळवळली. तिसऱ्याला मी ठरल्याप्रमाणं उजवीकडं पडलो आणि चेंडू डाव्या खांद्यावरून जाळीत गेला. तोवर सगळं सरळ होतं. उठता उठता मी खुर्च्यांकडं बघितलं. निवड करायला आलेल्या साहेबांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी जयसिंगपूरच्या पोराला जवळ बोलावलं होतं, हात वर करायला लावले होते आणि त्याची उंची बघत होते. शेजारच्याला काहीतरी सांगून ते हसले. मला लावणीचं वावर दिसलं.

चौथा चेंडू उजव्या पायाशी येणार हे मला माहीत होतं. मी डावीकडं जायला वजन टाकलंसुद्धा. मग पाय मागं गेला. चेंडू घोट्यावर बसून बाहेर उडाला. आरडाओरडा झाला. साहेबांनी मान वळवली.

इथून पुढचं मी हजारदा बघितलंय. रजाकनं चेंडू उचलला, चड्डीला हात पुसला आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. घरात जेवताना "अजून पाहिजे काय?" असं विचारताना भुवया वर जायच्या, तेवढ्याच गेल्या. त्याला कोपरा बदलता आला असता. डावखुऱ्याला मनगट शेवटच्या क्षणी फिरवायला काय लागतं? त्यानं मला वर उडवून खाली सहज मारला असता, सरावात रोज मारायचा. मी त्याच्या जागी असतो तर बदलला असता. त्यानं बदलला नाही. हात मागं नेला आणि नळावर मुरमात दाखवलेल्या कोपऱ्यातच फेकला, उजवीकडं, वर. मी तिथं आधीच होतो.

निवड जाहीर झाली तेव्हा माझं नाव आलं. रजाकचं नाही. साहेब सरांना म्हणाले, "तुमचा लेफ्टी चांगला आहे, पण दबावात ढेपाळतो. पाचात एक?"  परत येताना रजाकच पॅडल मारत होता. वाटेत त्यानं एका नळाशी सायकल थांबवली, तोंड धुतलं आणि पाठमोराच विचारलं, "चौथ्याला हातपाय आपोआप गेलं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

"जातंय रं. किपरचं अंग हाय." त्यानं ओंजळीतलं पाणी झटकलं. पाचव्याबद्दल त्यानं विचारलं नाही. तो विचारेल म्हणून मी वाट बघत उभा राहिलो, मग पिशवी उचलली.

घरी त्यानंच सगळं सांगितलं. मी दारात उभा. "आज ह्याच्या अंगात काय शिरलं हुतं कुणाला ठावं! भिताडच झालंतं." चाचींनी आधी बोटं मोडून माझी दृष्ट काढली, मग त्याच्याकडं बघून डोळ्याला पदर लावला. सकाळचा गूळभात उरला होता, तो त्यांनी माझ्या ताटात वाढला. रजाकनं नको म्हटलं. चाचांनी विचारलं, "पाचात एक? तुजा हात काय कापसाचा झालता?" रजाक म्हणाला, "ह्योच दगडाचा झालाय, अब्बा." सगळे हसले. चाचा हसता हसता माझ्याकडं बघत राहिले, जरा जास्त वेळ. मग ते उठून पुढच्या खोलीत गेले आणि तात वाजायला लागली. मी तो भात संपवला. त्यात कापूस होता.

संघातल्या वर्षांबद्दल मी दुसरीकडं लिहिलंय. उत्तरेतली गारठलेली मैदानं, आरक्षण नसलेले डबे, मोडलेली आणि तशीच वाकडी जुळलेली बोटं, गुडघ्यातलं पाणी. संघात मी बराच काळ पहिला गोलकीपर होतो आणि वाईट नव्हतो. पण प्रत्येक चांगला चेंडू अडवल्यावर मला टाळ्यांच्या आधी एक प्रश्न ऐकू यायचा, की हा तुझा होता का? कधीतरी उत्तर हो असायचं. तेवढ्यानं काही फिटत नाही. जयसिंगपूरचा तो पोरगा पुन्हा कुठल्या मैदानावर दिसला नाही. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

रजाक पिंजत राहिला. चाचा गेल्यावर धनुकली काढून त्यानं यंत्र बसवलं. यंत्रानं आवाज वाढला आणि धूळही. मग फोमच्या गाद्या आल्या. माझ्या लग्नात त्यानं स्वतःच्या हातानं पिंजलेली गादी आणि दोन उशा दिल्या. दर काही वर्षांनी तो निरोप धाडायचा, "गादी दबली असंल, आणून टाक." मी नेऊन द्यायचो आणि ती पुन्हा फुगून यायची. "झोप लागती न्हवं?" तो विचारायचा. त्याच्या मनात काही नसायचं. मी प्रत्येक वेळी वाक्य तयार करून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. कधी गिऱ्हाईक असायचं, कधी चाची असायच्या. त्या गेल्या तेव्हा तर खांदा द्यायला मी रजाकच्या शेजारीच होतो, त्या दिवशी कसं बोलणार होतो? न बोलायला कारणं नेहमी चांगलीच मिळतात.

शेवटचा गेलो तो गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी. दुकानात रजाक कापसाच्या पोत्याला टेकून बसला होता. इतका वाळला होता की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. खोकला चाचांचाच, तोच सूर. आम्ही दोघंच होतो. मी उभ्यानंच म्हणालो, "रजाक, एक बोलायचं हुतं. त्या चाचणीतलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. भुवया वर गेल्या. आणि काही कळायच्या आत शेजारची उशी डाव्या हातानं उचलून त्यानं माझ्या तोंडावर फेकली. ताकद नव्हती, पण मनगट तेच. मी ती तोंडासमोर धरली.

"आयला! अजून डोळं मिटत न्हाईस की मारत्या!" तो हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. त्याची सून पाणी घेऊन धावत आली, त्याची पाठ चोळायला लागली आणि मला हातानंच खुणावलं, त्यांना बोलायला लावू नका. मी उशी चळतीवर ठेवली. म्हणालो, "येतो परत. निवांत बोलू."

"ये की," तो धापा टाकत म्हणाला. "घर तुजंच हाय."

गुडघा बरा होईपर्यंत दिवस गेले. नंतर मी घराबाहेर पडलो तो त्याच्या दफनाला. पावसानं माती ओली होती. बाकीच्यांबरोबर मीही मूठभर टाकली, आणि हाताला लागलेली घरी येईपर्यंत तशीच राहू दिली. आमच्या घरातली गादी आता दबलीय. बायको नवी आणू म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही.

त्या दिवशी दुकानात उभ्यानं जे म्हणायचं होतं ते फार लांबलचक नव्हतं. उशी हातात होती तेव्हा म्हणून झालं असतं. रजाक, माझं चुकलं. चौथ्याला अंग आपोआप गेलं म्हणालो, ते बी खोटं हुतं. पर पाचवा तू माझ्या भरवशावर टाकलास, आणि त्याला माझा हात गेला न्हाय. मी पाठवला.